कौल लावला आणि मीच अडकले

मंडळी, दुपारपासून जेवण गोड लागेना, म्हणून तुमच्यापुढं मन मोकळं करते.

लेक फौजेत आहे. त्याला तिकडं क्वार्टर मिळालं, म्हणून सून त्याच्याकडं राहायला जाऊ का म्हणत होती. पोर लय गुणाची. ती गेली तर मला घर खायला उठेल, पण तोंडानं नको म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "यमाईला कौल लावू, ती सांगंल तसं."

आज देवळात गुरवानं देवीला दोन कळ्या लावल्या. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर थांबायचं. आम्ही दोघी हात जोडून बसलो.

डावी पडली. सुनेचं तोंड मला बघवेना.

वाटेत मी म्हटलं, "देवीचीच मर्जी गं, मी काय करू?"

ती म्हणाली, "आत्या, मी देवीला कुठं इचारलं हुतं? तुमाला इचारलं हुतं."

आता जा म्हणावं तर कौल मोडतो. थांब म्हणावं, तर माझ्या मनातलंच देवीच्या नावानं तिच्यावर लादल्यासारखं होतं. ती आत भरलेली बॅग रिकामी करतेय, आणि मी उंबऱ्यात बसून हे लिहितेय.

खरं सांगा, तिला काय म्हणू?