एडिथची बटणं

नॉर्मन हॅलक केंब्रिजच्या गणित विभागात चहा द्यायचा. सत्तर सालच्या सुमारास तिथल्या प्राध्यापकांना एका खेळानं झपाटलं होतं. चहाच्या खोलीतल्या चौकटींच्या फरशीवर गोट्या मांडून ती मोठमोठी माणसं गुडघ्यांवर रांगत बसायची.

"अहो हॅलक, पाय जपून! तिकडे एक जण चाललाय," डॉक्टर पिनक ओरडले.

"मला तर नुसत्या गोट्या दिसतायत, साहेब."

पिनकनी मग समजावून सांगितलं. गोटीच्या भोवतालच्या घरांत दोन किंवा तीन गोट्या असल्या तर ती राहते, नाहीतर उचलायची. रिकाम्या घराला नेमक्या तीन शेजारणी मिळाल्या, की तिथं नवी ठेवायची. पाच गोट्यांची एक ठेवण अशी होती, की चार खेळ्यांत बदलत बदलत ती पुन्हा होती तशी व्हायची, फक्त एक घर तिरकी पुढं सरकलेली.

"कुणी ढकलावं लागत नाही. आपली आपण चालते," पिनक म्हणाले.

"असं होय," म्हणून नॉर्मननं कप गोळा केले.

त्या हिवाळ्यात त्याची बायको एडिथ भर बाजारात, कोबी निवडता निवडता कोसळली आणि गेली. दफनाच्या वेळी नॉर्मनच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "खंबीर आहे हो," लोक म्हणाले. तो खंबीर नव्हता. त्याला काही होतच नव्हतं. सोमवारी तो कामावर गेला, किटली भरली, सगळ्यांना चहा दिला.

घरी संध्याकाळ सरायची नाही. एकदा त्यानं एडिथचा बटणांचा डबा काढला आणि स्वयंपाकघरातल्या काळ्या-पांढऱ्या फरशीवर, मोरीच्या कोपऱ्यात ती पाचांची ठेवण मांडली. मग रोज थोडी थोडी पुढं चालवायची. डोकं लागत नव्हतं, म्हणून बरं वाटायचं. बरं म्हणजे काय, वेळ जायचा.

चालत चालत बटणं शेगडीजवळच्या एडिथच्या खुर्चीपाशी आली. पुढचं बटण ज्या घरात पडायचं, तिथंच खुर्चीचा पाय होता. नॉर्मन थांबला, तो थांबलाच.

रविवारी त्याची थोरली बहीण फिलिस मटणाचा भाजलेला पाय घेऊन आली. तो फरशीवर बसलेला.

"अरे, हे काय? काही हरवलं का?"

"खुर्ची मधे येतेय."

"मग सरकव की! खुर्चीच आहे ती."

"तिची आहे."

कोट न काढताच फिलिस शेजारी उकिडवी बसली. बऱ्याच वेळानं नॉर्मन उठला, खुर्ची उचलून बाहेरच्या बोळात ठेवून आला. परत येऊन त्यानं बटण ठेवलं.

"रडू येतंय का रे?" फिलिसनं हळूच विचारलं.

"नाही."

"येऊ दे आलं तर."

"येत नाही ना पण. मला वाटलं होतं, खुर्ची उचलली की काहीतरी होईल. काहीच झालं नाही, फिलिस. हलकी होती."

तिनं त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला.

"ही बटणं जाणार कुठवर?"

"भिंतीपर्यंत. मग चार बटणांचा ठोकळा होतो, आणि तो हलत नाही."

"बरं. गार होतंय, जेवून घे आधी."

नॉर्मन टेबलाशी बसला. मटण खारट झालं होतं. तो तसं म्हणाला, आणि आणखी एक तुकडा मागून घेतला.