डोंगरात संपलेला रस्ता

आयर्लंडला जायचं ठरलं ते बाबांमुळे. बाबांनी माणदेशातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. सागरी लाटांचं कार्य शिकवताना ते रंगीत खडूंनी फळाभर चित्र काढायचे. उभा कडा, पायथ्याशी गुहा, लाटांनी कोरलेली कमान. असा कडा त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत हर्नडनला राहायला आले. सकाळी ट्रेलवर चालून यायचे आणि मग दिवसभर खिडकीशी बसायचे. एकदा मी विचारलं, "बाबा, कुठे जायचं फिरायला? नायगारा?"

"आयर्लंडचे ते मोहरचे कडे इथून किती लांब आहेत गं?" त्यांनी विचारलं. जणू ते पलीकडच्या काउंटीतच होते.

बाबांचा व्हिसा यायला दीड महिना लागला. नवऱ्याच्या प्रोजेक्टचं रिलीज नेमकं त्याच आठवड्यात आलं, म्हणून जूनमध्ये आम्ही तिघंच निघालो. मी, बाबा आणि माझी सोळा वर्षांची मुलगी.

शॅननच्या विमानतळावर उतरून गाडी रेंट केली आणि पहिल्या दहा मिनिटांतच मला घाम फुटला. मी गाडी शिकले ती अमेरिकेत, रस्त्याच्या उजव्या बाजूने. इथे सगळं डावीकडून. त्यात रस्ते एवढे अरुंद की दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती आरशाला घासतील की काय असं वाटायचं. बाबांनी आयुष्यभर स्कूटरच चालवलेली, पण डावी बाजू त्यांच्या अंगात मुरलेली. प्रत्येक चौकात ते ओरडायचे, "डावीकडे! डावीकडे ठेव!"

"आजोबा, यू आर स्क्रीमिंग," मागून लेक म्हणाली.

"ओरडतोय म्हणून तर जिवंत आहेस," बाबा म्हणाले. आई गेल्यापासून त्यांना असं मजेत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मोहरला पोचलो तर धुकं. साधंसुधं नाही. कठड्यापाशी उभं राहिलं तरी पुढे नुसता पांढरा पडदा. खालून लाटांचा आवाज येत होता, पक्षी ओरडत होते, दिसत मात्र काहीच नव्हतं. एवढी रजा, एवढी धावपळ, आणि हे. माझा अगदी हिरमोड झाला. बाबा मात्र कठड्याला धरून उभे राहिले आणि नातीला सांगू लागले, "आता खाली काय चाललंय बघ. लाट येते, खडकाच्या भेगेत हवा दाबली जाते..."

"बाबा, काही दिसत नाहीये इथे!" मी एकदम म्हणाले. "कुणाला सांगताय?"

ते गप्प झाले. तिथून मुक्कामाला पोचेपर्यंत चौकांमध्येसुद्धा काही बोलले नाहीत. मी दोनदा सॉरी म्हणाले. त्यांनी नुसता हात हलवला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आम्ही बरनला गेलो. हा सगळा मुलूख चुनखडीचा. करड्या फरशा अंथरल्यासारख्या टेकड्यांवर टेकड्या, आणि फरशांच्या भेगांमध्ये इवलीइवली निळी-जांभळी फुलं. बाबा गुडघ्यावर बसून बोटाने भेगांची खोली बघत होते. लेकीने त्यांचे फोटो काढले. मला हायसं वाटलं.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी एक पायवाट सुचवली होती. जुना गवताळ रस्ता टेकडीवर चढतो, वरून खाडी दिसते, म्हणाल्या. रस्ता चांगला बैलगाडी जाईल एवढा रुंद होता, दोन्ही बाजूंना चुना-सिमेंट न लावता रचलेल्या दगडी भिंती. अर्ध्या तासाने टेकडीच्या खांद्यावर आलो आणि रस्ता संपला. समोर गाव नाही, शेत नाही, साधं गोठ्याचं पडकं छप्परसुद्धा नाही. दोन्ही भिंती एका जागी थांबलेल्या आणि पुढे नुसते खडक.

तिथेच एक म्हातारा शेतकरी पडलेली भिंत पुन्हा रचत होता. सोबत कुत्रा. आम्हाला बघून त्याने टोपी जराशी उचलली. आम्ही वाट चुकलो का, असं लेकीने विचारलं. तो हसला आणि बोलू लागला. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं, बाबांना जवळजवळ नाहीच. लेकीला मात्र सगळं कळत होतं.

"काय म्हणतो गं?" बाबांनी विचारलं.

तिने शब्द शोधत शोधत सांगितलं. घरात ती मराठीत फारसं बोलत नाही, म्हणून वाक्यं लहान मुलासारखी येत होती. "खूप आधी इथे बटाटे खराब झाले. सगळे. लोकांना भूक लागली. मग सरकार म्हणालं, काम करा, मग खायला. म्हणून त्यांनी रस्ता केला." ती थांबली. "पण रस्ता कुठेच जात नाही. कुणाला रस्ता नको होता. फक्त काम पाहिजे होतं."

म्हातारा आणखी काही बोलला.

"आणि मका आला. अमेरिकेतून. त्यांना आवडला नाही. पोट दुखायचं."

बाबा भिंतीपाशी एका दगडावर बसले. मला वाटलं, चढामुळे दम लागला. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"मी असा रस्ता केलाय," ते म्हणाले.

मी त्यांच्याच शाळेत शिकले, म्हणून बहात्तरच्या दुष्काळाबद्दल मी त्यांच्याकडून वर्गात ऐकलं होतं, घरात कधीच नाही. पर्जन्यछायेचा प्रदेश, सरासरीपेक्षा कमी पाऊस, असं. दुष्काळी कामावर ते स्वतः होते हे मला ठाऊकच नव्हतं.

"अठरा वर्षांचा होतो. मी, आई आणि तुझी आत्या. आत्या बारा वर्षांची, ती लोकांना पाणी वाटायची. आम्ही दोघं खडी फोडायचो. आम्हालाही अमेरिकेतूनच आलं होतं. मिलो. लाल ज्वारी. भाकरी थापली की तुटायची." त्यांनी पायाखालच्या गवताकडे पाहिलं. "आमचा रस्ता मरीआईच्या माळापर्यंत गेला. मग पाऊस झाला आणि काम थांबलं. अजून तसाच आहे."

आम्ही दोघी त्यांच्यासमोर उभ्या होतो. म्हातारा त्याचं काम थांबवून भिंतीला टेकला होता.

"आईचा डोळा," बाबा म्हणाले, "देवीत गेला नव्हता."

माझ्या आजीचा डावा डोळा पांढरा होता. लहानपणी विचारलं की एकच उत्तर मिळायचं, तिला देवी आल्या होत्या, त्यात गेला. माझ्या आईनेही तेच सांगितलं होतं.

"मी दगडावर घाव घातला. कपचा उडाला. ती समोर बसली होती." हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात हलला नाही, वर्गात सांगावं तसं सांगितलं. "तिनं पदर डोळ्यावर दाबला आणि मला म्हणाली, कुणाला सांगू नकोस. पोरानं आईचा डोळा फोडला म्हणतील. जन्मभर म्हणतील. शपथ घातली. देवीचे वण तोंडावर होतेच तिच्या, लोकांना पटलं."

"वॉज शी मॅड?" लेकीने विचारलं, आणि लगेच मराठीत म्हणाली, "पणजी रागावली?"

"नाही गं. तिसऱ्या दिवशी फडकं बांधून कामावर आली. फक्त माझ्यासमोर बसायची ते शेजारी बसायला लागली."

म्हाताऱ्याने लेकीला विचारलं, आजोबा बरे आहेत ना? तिने त्याला सगळं सांगितलं. मी तिला थांबवणार होते, पण बाबांनीच मानेनं खूण केली, सांगू दे. ऐकून झाल्यावर म्हाताऱ्याने टोपी काढून हातात धरली आणि देवाचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटला. कुत्रं बाबांच्या बुटाशी येऊन बसलं.

उठताना बाबांनी भिंतीवर ठेवलेली त्याची हातोडी बोटाने दाखवली. म्हाताऱ्याने दिली. बाबांनी ती हातात तोलली, दांड्यावरची पकड सरकवून नीट केली, समोरच्या दगडाकडे पाहिलं. मग घाव न घालताच ती परत दिली.

उतरताना लेकीने त्यांचा हात धरला होता. मी मागून चालत होते. त्रेचाळीस वर्षांची मी, मला या माणसाबद्दल काय माहीत आहे हे मनात मोजत होते, आणि ते सगळं मला शाळेतल्या मुलांना माहीत असावं तेवढंच निघत होतं. आदल्या दिवशी धुक्यात मी त्यांना गप्प केलं होतं ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर बाबा म्हणाले, "आत्याला फोन लाव." तिकडे दुपार झालेली. आत्या आता पासष्टीची, गावातच असते. मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे ठेवला.

"अक्के," बाबा म्हणाले. धाकटी असूनही ते तिला अक्काच म्हणत. "आईच्या डोळ्याचं मी या दोघींना सांगितलं."

मला वाटलं, कॉल तुटला.

"कशापायी बोललास?" आत्या शेवटी म्हणाली.

"तो कपचा माझ्या हातून..."

"मला ठावं हाय, दादा. म्या हंडा घेऊन मागंच हुबी हुते."

बाबांनी फोनकडे असं पाहिलं, जणू आत्या त्यातून बाहेर येणार आहे.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आईनं शपथ घातली हुती. दादाला कळू दिऊ नगं तू बगितलंस म्हणून. त्यो शिकायचा सोडून दील, म्हनली."

मालकीणबाई टोस्ट घेऊन आल्या आणि आमच्याकडे बघून पावलं न वाजवता परत गेल्या. बाबांनी चष्मा काढला. ते रडत होते, आणि पलीकडे आत्याही. मग आत्यानेच नाक ओढत विचारलं, "तिकडं थंडी हाय का? कानाला बांधतोस का न्हाई?"

"बांधतो," बाबा म्हणाले. त्यांनी काही बांधलेलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस आम्ही किनाऱ्याने दक्षिणेकडे गेलो. बाबा गाडीत बोलत राहिले. रोज गोणपाटावर बसून खडी फोडणाऱ्या बायका कुठली गाणी म्हणायच्या, रांगेत सुकडीचा कोरडा खाऊ वाटणाऱ्या माणसाचे हात किती मोठे होते, आईने त्यांना मॅट्रिकनंतर पुढे शिकायला कसं साताऱ्याला पाठवलं. लेक मध्येमध्ये प्रश्न विचारायची, अर्धे इंग्रजीत, अर्धे मराठीत, आणि उत्तरं फोनवर रेकॉर्ड करायची. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून डाव्या बाजूने गाडी चालवत होते आणि ऐकत होते.