गाण्याआधीचा श्वास

आमच्या रॉक बँडचा गायक गेला तेव्हा आम्ही दोघेही सत्तावीस वर्षांचे होतो. साधा ताप म्हणून घरी थांबला आणि पाचव्या दिवशी गेला. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी शेजारी वाढलो होतो. तो गेल्यावर बँड मोडला. मी सिनेमांना पार्श्वसंगीत द्यायला लागलो. या कामात गाणारा लागत नाही, हेच मला बरं वाटायचं.

गेल्या वर्षी मात्र एका सिनेमात अडकलो. नवरा बेपत्ता झालेली बाई जिन्यावर थबकते, एवढाच प्रसंग. गिटारवर चार वेगवेगळ्या सुरावटी करून दिल्या. दिग्दर्शिका दर वेळी नकारार्थी मान हलवायची. "गिटार अच्छा है यार, पर यहाँ कोई इंसान चाहिए."

एका दुपारी जुन्या हार्ड डिस्कवर आमच्या तालमीचं रेकॉर्डिंग सापडलं. गाण्याआधी तो खोल श्वास घ्यायचा आणि माइक तपासायला दोन सूर गुणगुणायचा. मी तेवढंच कापलं, संथ केलं आणि त्या दृश्याखाली ठेवलं. बाई मागे वळून पाहते, नेमका तेव्हाच त्यानं श्वास घेतला. मी घाईघाईनं हेडफोन काढले. श्वास ऐकू येतच राहिला. तो माझाच होता, हे कळायला जरा वेळ लागला.

"बस, यही!" दिग्दर्शिका म्हणाली.

पण त्याच्या आईला विचारल्याशिवाय मला राहवेना. काकू आता मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकलं आणि बराच वेळ काढलाच नाही.

"सिनेमात हा आवाज कुणाचा?"

"कुणाचाच नाही, काकू. जिन्यावर कुणी नसतं. नुसता आवाज येतो."

"म्हणजे लोकांना भूत वाटेल."

त्यांनी हेडफोन माझ्या हातात ठेवला.

"नको रे. माझ्या मुलाला भूत नको करूस."

मी तो तुकडा काढून टाकला. दिग्दर्शिका आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी तो प्रसंग तिनं संगीताशिवायच ठेवला.

सिनेमाच्या पहिल्या खेळाला मी काकूंना घेऊन गेलो. ती बाई जिन्यावर थांबली. सगळं थिएटर शांत. तिनं मागे वळून पाहिलं आणि काकूंनी माझं मनगट धरलं.

"काढलास ना तो?" त्या कुजबुजल्या.

"काढला, काकू. खरंच."

"मग मला कसा ऐकू आला?"

मी पडद्याकडेच बघत राहिलो. मलाही ऐकू आला होता, हे त्यांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.