दोघांची खोली

आमच्या घरात एक गोष्ट गेली साठ वर्षं सांगितली जाते, आणि ती सांगणारा मीच. मी बोटीनं विलायतेला शिकायला गेलो तेव्हा माझ्यासोबत माझा एक मित्र होता. आम्ही दोघं एकाच खोलीत राहून प्रवास करणार होतो. पण त्याच्या घरच्यांनी नागपूरला दीक्षा घेतली होती आणि माझी आई जुन्या वळणाची होती. तिनं मोडता घातला, म्हणून आम्हाला वेगळ्या खोल्या घ्याव्या लागल्या. मुलांना, सुनांना, निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांना, सगळ्यांना मी हे असंच सांगितलं. ऐकणारे हळहळत आणि म्हणत, तो काळच तसा होता.

माझ्या आईनं असं काही म्हटलं नव्हतं. एक शब्दही नाही.

मित्र मागच्या वर्षी गेला. त्याची मुलगी यवतमाळला शिक्षिका आहे. वडिलांच्या वर्षश्राद्धाऐवजी ती एक छोटं पुस्तक काढते आहे. त्यासाठी दोन महिन्यांपूर्वी ती माझ्याकडे आली होती. चहा पिताना सहज बोलून गेली, "काका, बोटीवरची गोष्ट लिहा ना. बाबा नेहमी सांगायचे. तुमच्या आईनं नाही म्हटलं, तरी बाबांच्या मनात त्यांच्याबद्दल कधी काही नव्हतं हं. म्हणायचे, त्या माउलीला काय माहीत." मी मान हलवली. ती गेल्यावर चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. आता हे लिहितो आहे. मी सत्त्याऐंशीचा आहे. आईवरचा आळ माझ्या हयातीत पुसला गेला नाही तर पुढे पुसायला कोणी उरणार नाही, कारण खरं माहीत असलेला मी एकटाच आहे.

मी बोरी अरबचा, तो राळेगावकडचा. नागपूरच्या शेतकी कॉलेजात आम्ही चार वर्षं शेजारच्या खोल्यांत होतो. एकाच ताटात जेवलो, एकमेकांचे शर्ट घातले. कापसावरच्या किडीचा अभ्यास करायला सरकारी शिष्यवृत्तीवर दोघांची एकदम निवड झाली. तेव्हा, म्हणजे साठ सालच्या आसपास, आमच्या भागात समुद्र पाहिलेला माणूस शोधावा लागे. आम्ही तर मुंबईसुद्धा पाहिली नव्हती.

बोटीच्या कंपनीकडून टपालानं दोन फॉर्म आले आणि सोबत बोटीचा नकाशा. तो उलगडला की टेबलभर होई. एकाखाली एक मजले, त्यांत खोल्यांचे बारीक चौकोन, चौकोनांत पलंगांच्या रेघा. जिथं खिडकी तिथं छोटा गोल. कोणती खोली हवी ते आपण लिहून कळवायचं. दोघांना मिळून दोघांची खोली मागता येत होती. त्यासाठी एकाच फॉर्मवर दोघांच्या सह्या लागत.

यवतमाळला बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही तो नकाशा पसरला. हॉटेलवाला, गिऱ्हाईकं, सगळे येऊन वाकले. एकजण म्हणाला, "खालची खोली नका घेऊ बाप्पा. पाणी शिरलं म्हणजे?" दुसरा म्हणाला, "पाणी शिरलं तं वरचा काय उडून जाईन?"

माझं मत पुढच्या खोलीचं होतं. एसटीत मागच्या सीटवर बसलं की डोकं टपाला लागतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. पुढची सीट मिळावी म्हणून लोक खिडकीतून रुमाल टाकतात. बोट ती काय वेगळी असणार? पण मित्र ऐकेना.

"अबे, बंडीत कुठं बसतं माणूस? मागच्या टोकावर बसलं तं बंडी उलारते. पुढं बसलं तं बैलाच्या शेपट्या खा. मधात, आखावर बसलं का पोटातलं पाणी हालत नाही."

"बोटीले काय आख असते बे?"

"नसन. पण मधात तं काही असन ना?"

हॉटेलात सगळे हसले. त्याचा बाप दुसऱ्यांच्या बंड्या हाकायचा, म्हणून त्याचा बंडीवर विश्वास. शेवटी मी मान्य केलं. बोटीच्या बरोबर मध्यावर दोघांची एक खोली होती. तिच्यावर त्यानं लाल पेन्सिलनं फुली मारली. दोघांनी सह्या केल्या आणि पाकीट चिकटवलं. तेवढ्यात राळेगावची गाडी लागली. "तू टाक टपालात, माही गाडी सुटून राह्यली," असं म्हणून त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं आणि तो पळाला.

त्या दुपारी मी काकांच्या घरी थांबलो होतो. पाकीट टाकण्याआधी कंपनीचं माहितीपत्रक पुन्हा वाचलं. त्यात एक ओळ होती: खोलीच्या दारावर प्रवाशांची नावं लावली जातील, तरी नाव-आडनाव सुवाच्य अक्षरांत लिहावं.

त्या ओळीशी मी बराच वेळ अडलो. बोटीवर पुण्या-मुंबईचे लोक असणार, मोठ्या घरांतले, इंग्रजी शाळांत शिकलेले. ते दारावरून जाता-येता दोन आडनावं वाचणार. त्याचं वाचल्यावर माझ्याकडेही त्याच नजरेनं बघणार. नागपूरला ही भीती वाटली नव्हती, कारण तिथं मी कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोटीवर कोणाला ठाऊक नसणार. विटाळ, धर्म, आईचा धाक यांतलं काहीच माझ्या मनात नव्हतं. मला फक्त ते दार नको होतं. एवढंच कारण. इतकं लहान की ते झाकायला साठ वर्षं मी आईला पुढे उभं केलं.

मी बोट ओलं करून पाकीट उघडलं आणि आमचा फॉर्म फाडला. दुसऱ्या कोऱ्या फॉर्मवर फक्त माझं नाव घातलं आणि वरच्या मजल्यावरची अगदी पुढची, चौघांची खोली मागितली. मनाला सांगितलं, पुढची खोली जास्त आरामाची, मी आरामासाठीच बदलतो आहे. मित्रासाठी वेगळी चिठ्ठी जोडली की यांना कुठलीही खोली चालेल.

तीन आठवड्यांनी कंपनीची दोन पत्रं आली. मला मागितलेली खोली मिळाली होती. त्याला खालच्या मजल्यावर चौघांच्या खोलीत जागा होती. तो पत्र घेऊन यवतमाळच्या स्टँडवर मला भेटला.

"काहून बे? आपण दोघाची मांगतली होती ना?"

उत्तर मी तयार ठेवलं होतं. म्हणालो, "आईनं नाही म्हटलं. मी लय समजावलं."

तो पत्राची घडी करत राहिला. कडेला कड जुळवून त्यानं ती अगदी लहान केली. मग म्हणाला, "जाऊ दे. माय हाय थे."

आता आईबद्दल सांगतो. कॉलेजच्या दिवसांत मित्र आमच्या घरी तीनदा जेवला. पहिल्या वेळी आईनं त्याला अंगणात बसवलं आणि वरून वाढलं. दुसऱ्या वेळी ओसरीवर. तिसऱ्या वेळी पाऊस नव्हता, पाहुणे नव्हते, कसलं कारण नव्हतं, तरी ती म्हणाली, "आतच ये रे बापू, भाकर गरम खाशीन." चुलीजवळ बसवून तिनं त्याला वाढलं आणि त्याचं ताट आमच्या ताटांबरोबर उचललं. तिला कोणी शिकवलं नव्हतं. अंगणापासून चुलीपर्यंत ती आपली आपण आली होती.

मी निघालो त्या सकाळी तिनं दोन डबे पुढे ठेवले. झाकणाचे, कडीवाले, पितळी. एकाच्या कडीला लाल सुतळी होती, दुसऱ्याच्या कडीला निळी.

"लाल सुतळीचा तुहा, निळ्या सुतळीचा त्याचा. अदलाबदल नको करू. त्याच्या चिवड्यात तिखट जास्त टाकलं हाय. त्याले लागते."

मी म्हणालो, "देतो."

कसा देणार होतो? डबा दिला असता तर त्यानं विचारलं असतं, जी माय एका खोलीत राहू देत नाही ती डबा कशी देते? बडनेऱ्याला आम्ही मेलमध्ये बसलो. निळ्या सुतळीचा डबा माझ्या ट्रंकेत, धोतराखाली होता.

बोटीवरच्या माझ्या खोलीच्या दारावर चार नावं होती. एक पुण्याचं, दोन मुंबईची आणि माझं. ते दार मी पुन्हा पुन्हा पाहिलं. पहिल्या संध्याकाळी ओळखी झाल्या, प्रत्येकानं घरचं काही काढलं. मी ट्रंक उघडली आणि निळ्या सुतळीचा डबा काढला. लाल माझ्यासाठी राखून ठेवला. पुण्याचा गृहस्थ तिखटानं डोळे पुसत म्हणाला, "वा, तुमच्या मातोश्रींचा हात जबरदस्त आहे." दोन दिवसांत डबा संपला.

ऑगस्टचे दिवस होते आणि समुद्र खवळलेला. पुढची खोली काय असते ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. बोटीचं नाक घराएवढं उंच जायचं आणि खाली आपटायचं. एसटीची मागची सीट परवडली. मी पलंगाची कड धरून ओकत होतो. पोटात काही उरलं नाही तरी ओकत होतो. खोलीतले तिघे वास सहन होईना म्हणून बाहेरच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. त्यांच्यापैकी कोणी मला पाणी विचारलं नाही.

मला जेवणाच्या हॉलमध्ये पाहिलं नाही म्हणून मित्र शोधत आला. दारात उभा राहून म्हणाला, "घेतली का बे पुढची सीट?" त्यानं माझं तोंड पुसलं, कपडे बदलले, ओली चादर गोळा केली. "चाल, आखावर चाल," म्हणत काखेत हात घालून मला तीन जिने खाली नेलं.

त्याची खोली खाली होती, अंधारी होती, तिला खिडकी नव्हती. पण ती बोटीच्या मधोमध होती. तिथं पेल्यातलं पाणी नुसतं डुलत होतं. त्यानं स्वतःच्या पलंगावर मला निजवलं आणि आपण जमिनीवर घोंगडी टाकली. मग खिशातून पेन्सिल काढून दाराबाहेर गेला. दार उघडंच होतं. मी पाहिलं तर तो दारावरच्या कार्डावर आपल्या नावाखाली माझं नाव लिहीत होता.

"हे कायले?" मी विचारलं.

"सूपवाला कसा शोधन तुले? तो नाव वाचून आणते."

मी दोन दिवस त्या खोलीत होतो. दुसऱ्या दिवशी पोटात सूप ठरलं तेव्हा तो म्हणाला, "एक कर. तुह्या मायले नको सांगू, माह्या खोलीत झोपलता म्हणून. उगीच जिवाले लावून घेईन थे."

त्या क्षणी सांगता आलं असतं. त्याच्या खोलीतले बाकीचे तिघे जेवायला गेले होते, आम्ही दोघंच होतो. माझ्या अंगावर त्याचा सदरा होता. सांगितलं असतं तर तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, कदाचित मला वर पाठवलं असतं. पण आई तरी सुटली असती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि झोप आल्यासारखं दाखवलं.

एडननंतर समुद्र निवला. मी पुन्हा वरच्या खोलीत गेलो. खालच्या दारावरचं पेन्सिलीनं लिहिलेलं माझं नाव त्यानं प्रवास संपेपर्यंत खोडलं नाही.

परत आल्यावर तो अकोल्याला लागला, मग यवतमाळला. आम्ही कचेऱ्यांत भेटत असू, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना गेलो. पण बोरीच्या घरी तो पुन्हा कधी आला नाही. आईला त्रास नको म्हणून. आई मात्र दर दिवाळीला विचारायची, "तो पोरगा काहून येत नाही रे?"

तिलाही मी उत्तर देऊन ठेवलं. "साहेब झाला तो आता. आपल्या घरी कायले येईन?"

एकदा ती जात्यावरचं पीठ भरता भरता थांबून म्हणाली, "होऊ दे साहेब. पण मले वाटलं होतं, डब्याबद्दल तरी काही म्हणन."

ती तशीच गेली, तो कृतघ्न आहे असं समजून. तोही गेला, आईनं त्याला दूर ठेवलं असं समजून. दोघांनी एकमेकांना माफ केलं होतं, आणि ज्यासाठी माफ केलं ते दोघांनीही केलेलं नव्हतं.

मागच्या सोमवारी इथपर्यंतचा मजकूर मी मित्राच्या मुलीला तिच्या घरी जाऊन वाचून दाखवला. वाचून झाल्यावर तिनं कागद मागितले, पुन्हा पहिल्यापासून स्वतः वाचले. मग म्हणाली, "छापते. एक शब्द बदलणार नाही." आणि जरा वेळानं, "तो डबा आहे अजून?"

"आहे. सुतळीसकट."

"मग तो आमचा आहे. आणून द्या."

मी म्हणालो, कोणाच्या घरी रिकामा डबा नेऊ नये, आमच्या घरून चिवडा करून भरून आणतो.

ती म्हणाली, "नको काका. रिकामाच आणा. भरलेला तुम्ही एकदा संपवलाय."

डबा चिंचेनं घासून ठेवला आहे. रविवारी नेऊन देईन.