पिरेअसच्या बोटीची वाट

"बाय, बोट नाय म्हणतायत," दामूकाका फोनवर म्हणाले. "धक्क्यावर कागद लावलाय. सगळी माणसं तोच वाचतायत."

ते ग्रीसमधल्या एका छोट्या बेटावर होते आणि मी रत्नागिरीत, माझ्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात. समोर एक गृहस्थ गणपतीच्या रेल्वे तिकिटांसाठी हटून बसले होते. त्यांना हातानेच थांबा म्हटलं.

दामूकाका बुरोंडीचे, स्वतःच्या मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान. मुलगा विनू परदेशी मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये. त्याला घरी येऊन वर्ष उलटलं होतं आणि कॉन्ट्रॅक्ट आणखी वाढलं होतं. त्याचं जहाज एक दिवस पिरेअसला थांबणार होतं. पिरेअस म्हणजे अथेन्सजवळचं बंदर. जुलैत आपल्याकडे मासेमारीला बंदी, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे काका मोकळे. विनूने मला फोन केला, "ताई, आईबाबांना तिथे पाठवा. थोडं फिरवा पण."

मी म्हटलं होतं, आधी विनूला भेटा, मग फिरा. काका ऐकेनात. "पोराला निरोप दिल्यावर हिला डोळ्यांनी काय दिसायचं नाय. आधी बेट." मग मी परतीची बोट भेटीच्या आदल्या दिवशीची घेतली, एक दिवस हाताशी ठेवला. एजंटांच्या भाषेत त्याला बफर म्हणतात. आता बोट रद्द झाली म्हणजे तो बफर संपला.

अथेन्समधल्या आमच्या लोकल एजंटला फोन लावला. लोकल एजंट म्हणजे तिथल्या गाड्या, खोल्या बघणारं आपलं माणूस. ही एलेनी. फोन लागायला तास गेला. तिचा आवाज अगदी थंड.

"मेल्टेमी सुटलाय," ती म्हणाली. "उत्तरेचा वारा. उन्हाळ्यात येतोच. पोर्टवाल्यांनी सेलिंग बॅन लावलाय, बोटी सोडायला बंदी."

"कधी उठेल?"

"आज, उद्या, परवा. कोण सांगणार?"

"उद्या त्यांचा मुलगा पिरेअसला आहे गं. संध्याकाळी जहाज सुटणार."

ती म्हणाली, "मग त्यांना धक्क्याजवळच ठेव. बॅन उठला की अडकलेली बोट लगेच निघते. बेटावर येते, दार उघडते, माणसं घेते, गेली. कुणासाठी थांबत नाही."

मी लगेच काकांना फोन केला. ते धक्क्यावर नव्हतेच. बॅगा घेऊन टॅक्सीने डोंगरावरच्या खोलीवर परत गेले होते आणि काकींनी चहासुद्धा टाकला होता.

"काका, परत कशाला गेलात?"

"मग काय करू? बावटा लागला की कोण धक्क्यावर बसतंय काय?"

बावटा म्हणजे धोक्याची खूण. आपल्या बंदरात तो लागला की माणसं दोर आवळतात आणि घरी जातात. पावसाळ्यात तर समुद्र बंद म्हणजे थेट नारळी पौर्णिमेपर्यंत बंद. आयुष्यभर तेच केलेला माणूस दुसरं काय करणार? मी एलेनीचं सगळं सांगितलं. ते त्यांना पटेना.

"बाय, मी समुद्रावरच म्हातारा झालोय. ह्यो वारा अमावास्येशिवाय मोडायचा नाय. पण आभाळ बघ, ढगाचा ठिपका नाय! आणि पाणी चढत नाय, उतरत नाय. हितं भरती-ओहोटी हाय का नाय, तेच कळत नाय."

तेव्हा मला खरी भीती वाटली. काका हट्ट करत नव्हते, घाबरले होते. ज्यावरून ते आयुष्यभर समुद्र ओळखत आले, त्यातलं काहीच तिथे नव्हतं. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. मी म्हटलं, "काकींना फोन द्या."

काकींनी मला बोलूच दिलं नाही. "बोट धक्क्यावर येतेय ना? मग मी धक्क्यावर जातंय. ह्यांना यायचं तर येतील."

मागून काका ओरडले, "अगो, चहा तरी घे!"

धक्क्याजवळच्या कॅफेत त्यांनी ती रात्र खुर्च्यांवर काढली. मी घरी अंथरुणावर फोन छातीशी धरून. नवरा म्हणाला, "तू जागी राहून वारा पडणार आहे का?" बरोबरच होतं, पण झोप येत नव्हती.

सकाळी ऑफिस उघडलं तरी निरोप नाही. वारा दाखवणारी वेबसाइट उघडली की नकाशावर बेटांभोवती लालच लाल. गणपतीवाले गृहस्थ पुन्हा हजर. त्यांचं वेटिंग लिस्टचं गाऱ्हाणं एका कानाने ऐकत होते, तेवढ्यात काकींचा फोन आला. मागे भोंगा, माणसांचा गलका.

"बाय, आली! आम्ही चढलो. हे बॅगा घेऊन मागे..." आणि रेंज गेली.

काका चढले की राहिले? बराच वेळ फोन लागेना. शेवटी एलेनीने बोटीच्या ऑफिसात विचारून कळवलं, दोघंही आत आहेत. मी त्या गृहस्थांसाठी चहा मागवला. ते चकित झाले.

पण बोट वाऱ्यामुळे हळू चालली. विनूची शोअर लीव्ह, म्हणजे जहाजावरून उतरायची परवानगी, दुपारपर्यंतच होती. ती संपली तेव्हा आईबाप समुद्रातच होते. विनूचा फोन आला, "ताई, आता नाही होणार." मी म्हटलं, "तुझ्या साहेबांना विचार. गेटपर्यंत तरी सोडतील का." तिकडे एलेनी टॅक्सी घेऊन पिरेअसला उभी राहिली आणि दोघांना उतरल्या उतरल्या मालवाहू बंदराच्या गेटवर घेऊन गेली.

साहेबाने सोडलं. गेटवर, सिक्युरिटीवाल्यासमोर, उभ्या उभ्या भेट झाली. काकींनी मला फोन लावला होता आणि बोलायचं विसरून गेल्या होत्या. पलीकडून काका म्हणत होते, "वाळलास रे." विनू हसत होता. मग काकी एकदम रडायला लागल्या, आणि मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी विनूचं जहाज सुटलं. वर्षभराची वाट आणि भेट एवढीच.

तेव्हापासून माझ्या ऑफिसात एक नियम आहे. मध्ये समुद्र असेल तर आधी माणूस, मग सहल. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर मी तिकीट काढत नाही. दुसऱ्या एजंटकडे जातात. जाऊ देत.