ग्रॅमबाईंचा सूड

आम्ही सगळे त्यांना ग्रॅमबाई म्हणायचो. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. मूत्रपिंडाच्या वॉर्डातल्या रुग्णांचा आहार त्या वजनकाट्यावर ग्रॅम-ग्रॅम तोलून ठरवायच्या आणि मी रुग्णालयाचा मुख्य आचारी, तो रांधायचो. बटाटे दोनदा उकळून दोन्ही वेळचं पाणी फेकायचं, हा त्यांचा दंडक. "पोटॅशियम पाण्यात उतरतं, दादा. यांची मूत्रपिंडं ते बाहेर टाकत नाहीत. साठलं की हृदय बंद पडतं." एकदा आळस करून मी एकच पाणी फेकलं. त्यांनी पातेल्यातला गढूळपणा बघितला आणि चाळीस माणसांचे बटाटे मोरीत ओतले. त्या दिवशी मी त्यांना मनात काय काय म्हटलं ते सांगत नाही.

घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. दैव असं की धाकटीलाच मूत्रपिंडाचा विकार. म्हणजे घरीही वजनकाटा. "ताई, तू वाढतेस की शिक्षा सुनावतेस गं?" असं धाकटी माझ्यादेखत म्हणाली होती. शेवटी ती कंटाळली आणि ताईच्या नकळत दुसऱ्या आहारतज्ज्ञाकडे गेली.

तो ग्रॅमबाईंच्याच वर्गातला. दोघांची आहारतज्ज्ञ म्हणून नोंदणी एकाच दिवशी झालेली. हमरस्त्यावर काचेची केबिन, भिंतीवर स्वतःचा पुरुषभर उंचीचा फोटो आणि कपाटात स्वतःच्या नावाचं 'हलकं मीठ'. त्यात सोडियम कमी करून चवीसाठी पोटॅशियम भरलेलं. धडधाकट माणसाला एकवेळ चालेल, धाकटीला ते विषच. त्याने ना तिचे रक्ताचे रिपोर्ट मागितले, ना तिने भरून दिलेला फॉर्म वाचला. "मनासारखं जेवा, फक्त मीठ माझं वापरा," एवढंच सांगितलं. सतराव्या दिवशी सकाळी धाकटी न्हाणीघरात पडली ती उठलीच नाही.

ती गेल्यावर तेराव्या-चौदाव्या दिवशी ग्रॅमबाई मला सोबत घेऊन त्याच्याकडे गेल्या.

"आजाराचं तिनं मला सांगितलंच नाही," तो म्हणाला.

बाईंनी पर्समधून एक पिवळा कागद काढला. त्याच्याच फॉर्मची, धाकटीकडे राहिलेली प्रत होती ती. "वाच. आजार: मूत्रपिंड. अक्षर तिचं आहे."

त्याने वाचलं, खुर्चीत मागे रेलला. "मीठ दुकानातही मिळतं. तिनं माझ्याकडूनच घेतलं कशावरून? अगं, तू एवढी ग्रॅमची राणी, तुझ्या घरात काय शिजतं ते तुला कळलं नाही?"

मी त्याची गचांडी धरायला पुढे झालो. बाईंनी मला अडवलं. जिना उतरताना त्या म्हणाल्या, "हात नाही लावायचा, दादा. याच्या पाटीवरचा 'आहारतज्ज्ञ' हा शब्द मी खरवडून काढणार. जिवंतपणी काढणार आणि त्याला बघायला लावणार."

दोन वर्षं त्या त्याच एका ध्यासावर जगल्या. जेवण तुटलं, हसणं तर आधीच बेताचं होतं. वॉर्डात पोटॅशियम वाढलेला रुग्ण आला की पहिला प्रश्न: "घरी मीठ कुठलं?" त्याचं मीठ खाणारे तिघं निघाले. दोघांनी साक्षीला होकार दिला, पण त्यांच्याकडे मिठाच्या डब्याशिवाय पुरावा नव्हता. तिसरा होता कारखान्यातला कंत्राटी फिटर. त्याच्याकडे त्या आहारतज्ज्ञाच्या हातची चिठ्ठी होती: 'मूत्रपिंडाच्या गोळ्या बंद. माझं मीठ सुरू.' खाली सही आणि तारीख. ती वॉर्डातल्या त्याच्या फाईलला लावलेली होती.

"बाई, नाही," फिटरने हात जोडले. "दोन महिन्यांत मला कायम करतायत. आजाराचं कळलं तर दारात उभं करणार नाहीत."

"तुमचा कागद या फाईलबाहेर जाणार नाही," बाई म्हणाल्या. मी तिथेच जेवणाची ताटं मोजत होतो.

आठवड्याने त्यांनी त्या चिठ्ठीची झेरॉक्स काढली, रुग्णाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली आणि नोंदणी मंडळाकडे तक्रारीला जोडली. मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "ताई, शब्द दिला होतात."

"नाव झाकलंय."

"झाकलंय खरं. पण ज्याने लिहिलं त्याला आपलं अक्षर ओळखू येणार नाही?"

त्या माझ्यावर अशा धावून आल्या की मी स्वयंपाकघराची वाट धरली.

झालं तेच. तक्रारीची प्रत हातात पडताच त्याने तारखेवरून फिटर शोधला. त्याच्याकडून उलटी जबानी घ्यायला कारखान्यात फोन केला आणि ज्याने उचलला त्याला आजारासकट सगळं सांगून मोकळा झाला. फिटरचं कंत्राट पुढे वाढलंच नाही.

सुनावणीत चिठ्ठीने काम केलं. मंडळाने नोंदणीच्या यादीतून त्याचं नाव कायमचं कमी केलं. पाटी उतरवत होते तेव्हा ग्रॅमबाई समोरच्या फुटपाथवर दोन तास उभ्या होत्या. त्याने पाहिलं, तरी त्यांनी नजर हटवली नाही. "बरं वाटलं, दादा," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं."

मग त्या फिटरच्या घरी गेल्या. तो दारातूनच बोलला. "तुमच्या बहिणीचं वाईट झालं, मान्य. पण बाई, त्याने मला न विचारता गोळ्या बंद केल्या आणि तुम्ही मला न विचारता कागद लावला. मी दोघांकडेही विश्वासानेच आलो होतो ना?"

बाई दारातूनच परत फिरल्या. मंडळाला संमतीचा प्रश्न सुचलाच नव्हता, कुणी विचारणारही नव्हतं. तरी त्यांनी स्वतःविरुद्ध अर्ज लिहिला, स्वच्छ अक्षरात: रुग्णाने नकार दिलेला असताना त्याचा कागद वापरला. मी म्हटलं, "ताई, हा वेडेपणा आहे. तो काचेच्या केबिनवाला हसेल तुमच्यावर."

"हसू दे. रुग्णाच्या विश्वासाचा जो नियम लावून त्याला फाडलं, तो मला लागू नसेल तर मी नुसतीच भांडखोर बाई ठरते."

सहा महिन्यांसाठी त्यांची नोंदणी थांबली. त्या काळात त्यांनी फिटरसाठी चार ठिकाणी शब्द टाकला. एका पंपदुरुस्तीच्या दुकानात त्याचं जमलं, पगार आधीपेक्षा कमी. त्याने आभार मानले नाहीत आणि त्यांची तशी अपेक्षाही नव्हती.

आता त्या परत वॉर्डात आहेत. फिटर दर महिन्याला तपासणीला येतो. बाईंचं टेबल दाराजवळ आहे. तो त्यांच्यासमोरून सरळ पुढे जातो आणि आतल्या नव्या आहारतज्ज्ञ मुलीकडून आपला आहार लिहून घेतो.