रबराचं चिलखत अन् इहिरीचं बूड

शाळेत मी दुसरीच्या पुढं गेलो नाही. पण इहिरीत माह्याएवढा शिकलेला माणूस केनवडच्या शिवारात दुसरा दाखवा, मी मिशी उतरवतो. मोटरचा पाइप गाळात फसला, कोणाची कळशी पडली, कोणाचं बकरू पडलं, की बोलावणं मलेच. अंगाले जवसाचं तेल चोपडायचं, कमरेले दोर बांधायचा अन् सूर मारायचा. दोराचं दुसरं टोक धरून पायरीवर माही बायको. लग्न झालं तवापासून तिची जागा तीच. मी वर आलो की ती इचारे, "बुडाशी काय हाय वो?"

मी तोंडातलं पाणी थुंकून सांगे, "गाळ."

दर वेळेस तिचं तेच इचारणं अन् माहं तेच उत्तर. तिले पोहता येत नाही. पाण्याचं बूड तिनं जल्मात पाह्यलं नव्हतं.

आमची लेक अंदमानले दवाखान्यात नर्स आहे. यंदा हिवाळ्यात तिचा फोन आला. इकडं या म्हणे, समुद्राच्या पोटात उतरवते तुमाले. पाठीवर हवेची टाकी राह्यते, शिकवणारा माणूस हात धरून राह्यते, पोहता नाही आलं तरी चालते. मी काही बोलायच्या आत बायकोनं, माह्या बुढीनं, फोन ओढून घेतला.

"बूड दिसते काय वं तिथं?"

"दिसते ना आई. काचेसारखं पाणी आहे."

"मंग मी येतो."

माहेरच्या नावानं बी ती कधी अशी हरखली नव्हती. पण रात्रीच्या भाकरी होईपर्यंत तिले दोन भेव लागले. एक म्हणजे अंग उघडं पडलं तर? दुसरं, पाण्यात पाय टाकल्यावर काळीज फाटलं तर? "आधी आपल्या इहिरीत उतरून पाह्यतो," ती म्हणे. "नाई जमलं तर मी तिकडं रेतीवर बसून राहीन. तुमी पाहून या अन् मले सांगा, गाळ."

लेकीनं पार्सल पाठवलं. त्यात बुढीच्या मापाचे दोन पोशाख. एक पातळ, ताणला की लांबणारा, झग्याच्या अस्तरासारखा. दुसरा काळा, जाड, रबराचा, गळ्यापासून घोट्यापर्यंत. दोन्ही घालून पाहा अन् कोणता बरा ते कळवा, तसा इथं ठेवून देते, म्हणे. तुमचंबी सांगा बाबा.

"माहं काय सांगायचं?" मी म्हणलं. "तिथलं पाणी गरम म्हणतेस ना? गरम पाण्यात कपडे कायले? आपल्या इहिरीतून सकाळी वाफ निघते तवा मी लंगोटावर उतरतो. माहं तेल अन् मी."

"बाबा, गरम असलं तरी आपल्या अंगापेक्षा थंडच राह्यते. तुमी सूर मारता, वर येता, उन्हात बसता. इथं खाली तरंगत राहावं लागते. पाणी हळूहळू अंगातली ऊब खाते. अन् चावणारे जीव असते, खरखरीत खडक असते, वर ऊन असते."

"मी ऊन पाह्यलं नाई काय वं जल्मात?"

बुढी चुलीपासून बोलली, "तव्यावरची भाकर फडक्यात कायले गुंडाळते मी? घर काय बर्फाचं हाय?"

मी तिच्या हातची भाकर घेतली अन् फडकं तेवढं बाजूले टाकलं.

पातळ पोशाख तिनं घातला, आरशात पाह्यलं अन् तिथंच लुगडं अंगाभोवती लपेटलं. "हे तं अंगावर रंग मारल्यासारखं दिसून राह्यलं! हे घालून मी शेजारणीच्या समोर बी जात नाई!"

मंग रबराचा. तो काही पायात शिरेना. मी ओढलं, तिनं ओढलं, खाट सरकत सरकत दारापर्यंत गेली. मी म्हणलं तेल लावू. ती म्हणे थांबा. कासारीण घट्ट बांगडी भरताना हाताले प्लास्टिकची थैली घालते, ते तिले आठवलं. तिनं साखरेची रिकामी थैली पायात घातली अन् पाय असा सुळकन गेला की मी मागं पडलो. दुसरा पाय, मंग हात. मी समोरची चैन गळ्यापर्यंत ओढली. गुडघ्याचे जाड ठिगळ तिच्या पोटऱ्यांवर आले होते अन् ती बगळ्यासारखी चालून राह्यली होती.

लेकीले फोनवर दाखवलं. ती हसून हसून फोनातून गायब झाली, नुसतं छत दिसे. "आई, उलटा घातला! चैन पाठीकडं असते!"

"समोर काज-बटन नाई, पाठीकडं चैन! कोण्या बह्याडानं शिवला?" मी म्हणलं. पण पुन्हा काढला, पुन्हा थैल्या, पुन्हा घातला. वरून तिनं माहा जुना सदरा चढवला. "आता बरं वाटते. हे कापड नाई, चिलखत हाय."

इहिरीवर आलो तं काठावर माहा चुलतभाऊ उभा. त्याचा हरभरा शेजारीच, तो पाणी द्यायचं सोडून आलता.

"वयनी, लढाईले निघाल्या काय?"

"होय भावजी. तुमी तुतारी वाजवा."

पायऱ्या-पायऱ्यानं ती उतरली. माहा लंगोट, अंगभर तेल, मी आधीच पाण्यात. गुडघा बुडाला तशी ती थांबली. कमर बुडाली तशी किंचाळली, "पाठीतून पाणी घुसलं वो! बर्फ हाय!" मी म्हणलं झालं, आता ही रेतीवर बसते. तेवढ्यात तिचा पाय शेवाळावर सरकला अन् ती पायरीवरून सुटली. मी धरायले झेपावलो, तं माहे तेलाचे हात तिच्या पायाच्या रबरावरून मासोळीसारखे निसटले.

मले वाटलं गेली. पण ती गेलीच नाही. ती वर होती! रबर बुडेना. सदरा हवेनं फुगला, तिचे पाय वर आले, अन् माही बायको, जिले पोहता येत नाही, ती इहिरीच्या मधात वाळलेल्या भोपळ्यासारखी तरंगून राह्यली. पह्यले डोळे मिटलेले. मंग एक उघडला, दुसरा उघडला. मंग ती अशी हसली की इहीर चारी बाजूनं हसली.

"अवो, मी बुडून नाई राह्यली!"

"दिसते मले!"

"अन् ते आत घुसलेलं पाणी कोमट झालं! माह्याच अंगानं तापलं!"

वरून चुलतभाऊ म्हणे, "भाऊ, तुमची पदवी गेली."

मले राग आला. मी म्हणलं, "पाहू कोण जास्त वेळ राह्यते ते." ती म्हणे पाहू. ती तरंगत होती, मी पायरीच्या कडेले धरून उभा. सुरुवातीले मी बढाया मारल्या. मंग थोड्या कमी मारल्या. वाफेचं पाणी हळूच हाडात शिरायले लागलं. दात आपोआप वाजायले लागले, मी जीभ मधात घातली तं जीभ चावली. बुढी तिकडं लग्नातलं गाणं म्हणून राह्यली होती.

"गारठले काय वो?"

"न-न-नाई."

"ओठ जांभळासारखे झाले."

मी वर आलो तो हरभऱ्याले पाणी द्यायची आठवण झाली म्हणून. हरलो म्हणून नाही. चुलतभाऊ म्हणे, हरभरा माहा हाय. ते वेगळं.

त्या दिवशी लेकीले कळवलं. आईसाठी रबराचा, पूर्ण. अन् बाबासाठीबी, म्हणजे आईले एकटीले लाज नको वाटायले. फक्त माहा अर्धा पाहिजे, कोपरापर्यंत अन् गुडघ्यापर्यंत. सगळंच कोण ऐकते?

अंदमानले दवाखान्यात दोघाइले तपासलं. ठीक हाय, उतरा म्हणे. समुद्राचं पाणी चुलीवरून उतरवून इसरलेल्या पाण्यासारखं होतं. तिथं रबर बुडावं म्हणून कमरेले शिशाचे तुकडे बांधते. मी तेल लावून गेल्तो, तं तोंडावरची काच सरकून नाकात पाणी गेलं. शिकवणाऱ्या पोरानं मले परत बोटीवर चढवलं अन् तोंड साबणानं घासलं, आंघोळीच्या लेकरासारखं. तोवर बुढी दुसऱ्या पोराचा हात धरून खाली जाऊन पोचली होती.

मी उतरलो तवा ती बुडाशी होती. पांढरी रेती, तिच्यावर उन्हाचे जाळे हलून राह्यले होते, अन् हळदीच्या रंगाचे मासे तिच्या बोटाइजवळून जात होते. तिनं मले पाह्यलं. तोंडात नळी होती, पण डोळे बोलत होते. रेतीकडं बोट दाखवलं, मंग माह्याकडं, अन् असा हात हलवला की काय म्हणते ते समजलं. उघड्या पिंढरीले काही तरी चरचरून चावलं तरी मी हललो नाही.

वर आल्याबरोबर तिनं नळी काढली. "इतके वर्सं गाळ! गाळ! गाळ! आता तुमच्यावर भरोसा नाई. घरी गेल्यावर आपल्या इहिरीचं बूड मी सोता पाह्यतो."

अन् ऐकते थोडीच. चैतात पाणी खाली गेलं, तवा ती लेकीची काच डोळ्याले लावून, चिलखत घालून पायरीवर उभी. शिसं कुठून आणावं? वरवंटा थैलीत घालून तिच्या कमरेले बांधला. चुलतभाऊ पाण्यात तिच्या बाजूले, काठावर अर्धं गाव. दोर मी धरला.

दोर हातातून सरसर गेला अन् थांबला. त्या पायरीवर उभं राहून वाट पाहाले काय लागते ते मले तवा समजलं. बुडबुडे आले. मी काही ओढत नव्हतो, पण हात ओढून राह्यले होते.

ती वर आली. मी वाकून इचारलं, "काय हाय वं बुडाशी?"

तिनं काच कपाळावर सरकवली, तोंडातलं पाणी थुंकलं, सगळ्या गावाकडं एकडाव पाह्यलं, अन् म्हणे, "गाळ."